कोकणच्या हवेत पाळीव सशांची निगा : उकाडा, पाऊस आणि थंडी

पाळीव सशाला साधारण १५ ते २२ अंश सेल्सिअसची कोरडी आणि खेळती हवा मानवते. पारा २८ अंशांच्या पुढे गेला की तो अस्वस्थ होऊ लागतो आणि ३० अंशांच्या पुढे, हवा दमट व कोंडलेली असेल तर, त्याच्या जिवालाच धोका निर्माण होतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारचा पारा बत्तिशी सहज ओलांडतो, आणि मे महिन्यात रात्रीसुद्धा तो २५ अंशांखाली क्वचितच उतरतो. याचा अर्थ असा की वर्षातले निदान चार महिने आपण सशाला त्याच्या सोसण्याच्या मर्यादेच्या काठावर ठेवत असतो. त्यामुळे कोकणात ससा पाळणाऱ्याने थंडीच्या तयारीपेक्षा उकाड्याच्या आणि ओलाव्याच्या तयारीवर कितीतरी अधिक लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सशाला घाम येत नाही. कुत्र्यासारखे धापा टाकून अंग थंड करण्याची त्याची क्षमताही अगदी तोकडी असते. त्याच्या शरीरातील जादा उष्णता बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग म्हणजे कान. कानांतील रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून रक्त वाहताना ते आजूबाजूच्या हवेमुळे थोडे निवते आणि परत शरीरात जाते. आजूबाजूची हवाच तापलेली आणि स्थिर असेल तर हा मार्ग जवळजवळ बंद होतो. शिवाय अंगावरील दाट लव वर्षभर असतेच. पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. तिथे दुपारच्या उन्हात तो बिळाच्या गारव्यात असतो आणि पहाटे व संध्याकाळी बाहेर येतो. आपल्या सड्यावर आणि काजूच्या बागेत दिसणारा रानससा ही वेगळीच जात असून तो बीळ करत नाही, आणि भर उन्हाळ्यातही उघड्यावर तग धरतो. म्हणून “रानातला ससा राहतो, मग आपला का राहणार नाही?” हा तर्क लावू नये. ओघाने सांगावेसे वाटते की रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे बागेत सापडलेले त्याचे पिल्लू घरी आणून पाळणे हा गुन्हा ठरतो. ते जिथे दिसले तिथेच राहू द्यावे, कारण त्याची आई बहुधा आसपासच असते.

पहिली पायरी : केव्हा आणि कोणता ससा आणावा

नवा ससा आणण्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. हवा सौम्य असते, वाळलेले गवत नुकतेच कापलेले मिळते आणि उन्हाळा येईपर्यंत सशाला जागेची व आपल्याला त्याच्या सवयींची ओळख होते. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः दुपारच्या एसटीतून किंवा बंद गाडीतून, ससा आणू नये. आणावाच लागला तर पहाटेचा प्रवास करावा, पिंजरा सर्व बाजूंनी हवेशीर असावा आणि गाडी उन्हात उभी करून क्षणभरही त्याला आत सोडून जाऊ नये.

लांब केसांचा अंगोरा जातीचा ससा दिसायला कितीही मोहक असला तरी किनाऱ्यावर त्याला पाळणे हे त्याच्यावर लादलेले दुःख आहे. आखूड केसांचा, मध्यम बांध्याचा ससा निवडावा. लठ्ठ, वयस्क आणि गाभण सशांना उकाडा सर्वाधिक बाधतो, हेही निवडताना आणि पुढे खाऊ घालताना ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी : घरातील जागा ठरवणे

बाकी सर्व उपाय जागेच्या निवडीवर अवलंबून असल्यामुळे या कामासाठी एक-दोन दिवस द्यावेत. एक साधा तापमापक, शक्य असल्यास आर्द्रताही दाखवणारा, विकत घेऊन तो घराच्या वेगवेगळ्या भागांत, जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर ठेवून दुपारी दोन-तीनच्या सुमारास नोंदी घ्याव्यात. आपल्याला डोक्याच्या उंचीवर जी हवा लागते आणि सशाला जमिनीलगत जी मिळते, त्यांत बराच फरक असू शकतो.

जांभ्या दगडाच्या जाड भिंती आणि वर कौले असलेल्या जुन्या घरात माजघर दुपारी सर्वांत गार असते, पण तिथे वारा पोचत नाही. उलट पडवीत वारा असतो, पण दुपारनंतर तिरपे ऊन आत शिरते. माझ्या मते उत्तरेकडची पडवी ही बहुतेक घरांत सर्वांत सोयीची. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे पश्चिम आणि वायव्येकडून वाहतात, ते तिथे मिळतात. पश्चिमेचे ऊन टळते. आणि नैऋत्येकडून येणाऱ्या पावसाची झड घराच्या आडोशामुळे थेट लागत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये. मे महिन्याच्या पूर्वार्धात कोकणपट्टीवर सूर्य भर मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही काळ किंचित उत्तरेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या पडवीलाही पुरेसा पुढे आलेला छपराचा भाग किंवा झापांचा, म्हणजे विणलेल्या नारळाच्या झावळ्यांचा, मांडव हवाच.

नव्या घरांच्या सिमेंटच्या गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ससा ठेवू नये. पत्र्याखेरीज दुसरी सोयच नसेल तर पत्र्यावर विणलेल्या झापांचा जाड थर घालून तो दोरीने घट्ट बांधावा, आणि पत्रा व पिंजऱ्याचे छप्पर यांच्यामध्ये निदान दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवावी, जेणेकरून तापलेली हवा वरच्या वर निघून जाईल. शहरातील सदनिकेत राहणाऱ्यांनी पश्चिमेच्या बाल्कनीऐवजी आतील खोलीतील फरशी निवडावी आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चूल, पाणी तापवण्याचा बंब आणि स्वयंपाकघराची भिंत यांपासूनही पिंजरा दूर असावा. फेब्रुवारीनंतर शेतांत भाजावळ, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजणे, सुरू होते तेव्हा धुराची दिशा पाहून त्या वेळेपुरता ससा घरात घ्यावा, कारण त्याची फुप्फुसे फार नाजूक असतात.

तिसरी पायरी : पिंजरा, तळ आणि गारवा

दोन किलोच्या सशासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही पिंजऱ्याची किमान मापे समजावीत, आणि रोज काही तास तरी त्याला खोलीत किंवा बंदिस्त अंगणात मोकळे सोडावे. निदान दोन बाजूंना जाळी हवी, म्हणजे हवा आरपार जाते. चारही बाजूंनी फळ्या आणि समोर छोटी खिडकी अशा पेट्या थंड मुलुखांसाठी ठीक असल्या तरी कोकणात त्या भट्टीसारख्या तापतात. नुसत्या तारेच्या जाळीचा तळ पायांना जखमा करतो. निदान अर्ध्या भागात लाकडी फळी किंवा शहाबादी लादी बसवावी. लादीचा आणखी एक उपयोग असा की सावलीत ठेवलेली लादी दुपारीही गार राहते आणि ससा तिच्यावर पोट टेकून आपोआप पसरतो.

कुंभाराकडून मोठ्या तोंडाचा मातीचा डेरा मिळाला तर तो आडवा करून, दोन बाजूंनी चिरे लावून पक्का बसवावा. सशाला त्यात बिळाची सुरक्षितता आणि मातीचा गारवा दोन्ही मिळतात. तोंड इतके रुंद हवे की ससा आत वळून पुन्हा बाहेर येऊ शकेल.

ओल्या गोणपाटाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण याबाबत नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. नागपूर-अकोल्याकडे वाळ्याचे ओले पडदे आणि कूलर उत्तम काम देतात, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी भराभर वाफ होऊन उष्णता शोषून घेते. किनाऱ्यावरची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असल्यामुळे पाण्याची वाफ मंदपणे होते; बंद खोलीत कूलर लावला तर गारवा थोडा आणि दमटपणाच अधिक वाढतो. म्हणून ओले गोणपाट लावायचेच तर ते वारा येणाऱ्या एकाच बाजूला लावावे आणि समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवावी. याला एक अपवाद आहे. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून कोरडा, तापलेला वारा वाहतो, खारे वारे उशिरा सुटतात आणि पारा एकाएकी ३८ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवशी सकाळची हवा ओठ सुकवणारी जाणवते. तेव्हा मात्र ओले गोणपाट खरोखर उपयोगी पडते, आणि सशाला सर्वाधिक जपण्याचे दिवसही तेच असतात.

पंख्याकडूनही वाजवी अपेक्षा ठेवावी. घाम नसल्यामुळे नुसत्या वाऱ्याने सशाला आपल्याइतका आराम मिळत नाही. पंखा कोंडलेली हवा बाहेर काढण्यासाठी लावावा, त्याचा झोत थेट सशावर सोडू नये. विजेच्या तारा त्याच्या दातांच्या टप्प्यात येणार नाहीत याची खबरदारी घ्यावी.

चौथी पायरी : उन्हाळ्यातील दिनक्रम

सकाळी सातच्या आत पिंजरा झाडून, ओली झालेली जागा कोरडी करून घ्यावी. मूत्रातून सुटणारा अमोनिया उकाड्यात अधिक त्रासदायक ठरतो. पाणी मातीच्या किंवा चिनी मातीच्या जड, पसरट भांड्यात द्यावे. नळीची बाटली उन्हाळ्यात पुरेशी नाही, कारण तिच्यातून थेंब थेंब पिताना ससा कमी पाणी पितो आणि बाटलीतील पाणी लवकर तापते. दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी सशाला लागते, आणि उन्हाळ्यात ते वरच्या मर्यादेकडे जाते. म्हणजे दोन किलोच्या सशासाठी सुमारे ३०० मिलिलिटर हाताशी असावे. दुपारी पाणी एकदा तरी बदलावे. माठातील पाणी चांगले, फ्रिजमधील अतिथंड नको.

वाळलेले गवत चोवीस तास समोर असायलाच हवे, कारण सशाची पचनसंस्था सतत चालू राहण्यावर त्याचे जगणे अवलंबून आहे. उकाड्यात तो दिवसा फारसे खात नाही, त्यामुळे मुख्य खाणे संध्याकाळी आणि पहाटे द्यावे. हरळी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, जास्वंदीची पाने स्वच्छ धुऊन, न निथळता दिली की पाणीही पोटात जाते. कलिंगडाच्या सालीचा लहानसा तुकडा अधूनमधून चालेल. आंबा आणि फणसाचे गरे यांत साखर फार असल्याने ते देऊ नयेत. कण्हेर, रुई आणि कच्चे अळू यांची पाने सशाच्या आसपासही नसावीत.

अकरा वाजण्याच्या सुमारास, म्हणजे उकाडा वाढण्यापूर्वी, पाऊण भागापर्यंत पाणी भरून गोठवलेली बाटली जुन्या सुती फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावी. ससा गरजेप्रमाणे तिला टेकून बसतो. म्हणूनच तिच्यापासून दूर जाण्याइतकी जागा पिंजऱ्यात हवी. वळवाच्या वादळात कोकणातील वीज तासन्‌तास जाते, हे लक्षात घेऊन फ्रीजरमध्ये नेहमी चार-पाच बाटल्या तयार असाव्यात. फ्रिज नसेल तर दोन लाद्या पाण्याच्या हौदात ठेवून, पुसून, आळीपाळीने वापरता येतात. दुपारी चारपर्यंत दर दीड-दोन तासांनी सशाकडे नजर टाकावी आणि कान हाताने पाहावेत. कोमट कान ठीक. लालसर आणि चटका देणारे कान दिसले की ओल्या फडक्याने ते हलकेच पुसावेत.

रोज मोकळे सोडायचे ते सूर्योदयापूर्वी किंवा अंधार पडताना. आठवड्यातून दोन-तीनदा गळणारे केस विंचरून काढावेत, कारण मृत केसांचा थर उष्णता अडवतो. सशाला आंघोळ मात्र कधीही घालू नये. पाण्याची भीती आणि ओली राहिलेली लव यांमुळे तो आजारी पडतो, आणि क्वचित धक्क्याने दगावतोही. मार्च ते मे या काळात जोड लावू नये. पारा ३० च्या वर राहिला की नराची प्रजननक्षमता काही आठवडे खालावते, आणि गाभण मादीला शेवटच्या आठवड्यातील उकाडा जीवघेणा ठरू शकतो.

पाचवी पायरी : उष्माघात ओळखणे आणि पहिली दहा मिनिटे

निरोगी ससा विश्रांतीत मिनिटाला साधारण ३० ते ६० श्वास घेतो आणि त्याचे तापमान ३८.५ ते ४० अंशांदरम्यान असते. उष्माघाताची सुरुवात नाकपुड्या वेगाने फुलण्याने, मान उंचावून श्वास घेण्याने आणि लाल कानांनी होते. पुढे तोंड उघडे पडते, हनुवटी लाळेने ओली होते, चाल अडखळते, आणि शेवटी झटके येतात. ससा नेहमी नाकाने श्वास घेतो. त्याने तोंडाने श्वास घेणे ही प्रत्येक वेळी तातडीची अवस्था समजावी. गार लादीवर आरामात पाय पसरून पडलेला, पण हाक मारल्यावर कान फिरवणारा ससा आजारी नसतो. हाक मारूनही प्रतिसाद न देणारा ससा आजारी असतो.

लक्षणे दिसताच सशाला सावलीत, वाऱ्याच्या ठिकाणी आणावे. साध्या, माठाइतक्या गार पाण्यात फडके भिजवून कान आणि पंजे पुन्हा पुन्हा ओले करावेत आणि कागदाने किंवा सुपाने वारा घालावा. बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये आणि त्याला बादलीत बुडवू नये, कारण एकदम थंडी लागल्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतील उष्णता आतच अडकते. समोर पाणी ठेवावे, पण पिचकारीने बळेच पाजू नये. अर्धवट शुद्धीतील सशाच्या फुप्फुसात ते जाऊ शकते. एवढे करत असतानाच घरातील दुसऱ्या कोणी पशुवैद्यांना दूरध्वनी करावा. ससा सावरल्यासारखा वाटला तरी त्याला तपासून घेणे टाळू नये, कारण आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर झालेला परिणाम नंतर दिसतो. त्यानंतर १२ तासांत त्याने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर पुन्हा दवाखाना गाठावा.

तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशींचे असते. म्हणून जवळपास सशांवर उपचार करणारे पशुवैद्य कोण आहेत, याची चौकशी उन्हाळा लागण्यापूर्वीच करून ठेवावी. तोंडावाटे दिलेले अॅमॉक्सिसिलीन आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिल ही दोन्ही औषधे सशाला घातक आहेत, हे मालकाला स्वतःला ठाऊक असलेले बरे.

सहावी पायरी : पावसाळ्यातील ओल

किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पारा उतरल्याने सशाला बरे वाटते, पण ओलाव्याचे आजार याच काळात येतात. पिंजरा जमिनीपासून दोन फूट उंच असावा आणि वळचणीच्या पागोळ्यांचे तुषार त्यावर उडू नयेत. गवताचा साठा दिवाळीच्या सुमारास कापून कडक वाळवलेला, फळ्यांवर रचून, भिंतीपासून सुटा ठेवलेला हवा. कुबट वास आला किंवा पांढरी-काळी बुरशी दिसली तर ती पेंढी फेकून द्यावी. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पण त्यात पोषण कमी असल्याने तो गवताची जागा घेऊ शकत नाही. पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत एकदम भरपूर घालू नये. आठवडाभर थोडे थोडे वाढवत न्यावे, आणि कापून ढीग केलेले, आतून तापलेले गवत तर मुळीच देऊ नये.

या दिवसांत रोज संध्याकाळी सशाला उचलून शेपटीखालचा भाग तपासावा. तिथे घाण चिकटलेली असेल तर माशा अंडी घालतात, एका दिवसात अळ्या होतात आणि त्या कातडी पोखरतात. अळ्या दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. कानांत खपल्या किंवा नाक-पंजांवर खरूज दिसल्यासही तेच करावे.

सातवी पायरी : थंडी

प्रौढ, निरोगी सशाला किनाऱ्यावरची थंडी मुळीच बाधत नाही. उलट तो याच दिवसांत सर्वाधिक खेळतो. रत्नागिरी-मालवणला जानेवारीतली पहाट अठरा-वीस अंशांची असते. दापोलीसारख्या सुमारे २५० मीटर उंचीवरच्या ठिकाणी, तसेच घाटाच्या पायथ्याच्या गावांत पारा काही पहाटे १० अंशांच्या आसपास येतो, आणि तेवढेही तो कोरड्या जागेत सहज सोसतो. त्याला त्रास होतो तो ओल्या अंथरुणाचा आणि अंगावर सरळ येणाऱ्या वाऱ्याचा. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, म्हणून पिंजऱ्याच्या पूर्व आणि ईशान्य बाजूला सूर्यास्तानंतर गोणपाट सोडावे आणि वरची वीतभर जागा हवेसाठी उघडी ठेवावी. सकाळी नऊच्या आत ते गुंडाळून ठेवणे तितकेच महत्त्वाचे, कारण त्याच दिवशी दुपारी पारा ३० अंशांच्या वर जातो.

तळाला चार-पाच इंच कोरडा पेंढा घालावा आणि दवाने ओला झालेला भाग रोज काढावा. वाळलेले गवत थोडे अधिक द्यावे. विजेचा दिवा किंवा शेगडी पिंजऱ्याजवळ ठेवू नये. पेंढ्याला आग लागण्याचा धोका मोठा आणि गरज मात्र नाही. म्हाताऱ्या किंवा आजारी सशासाठी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवणे पुरे होते. थंड कान पाहून घाबरू नये, उष्णता वाचवण्यासाठी शरीर स्वतःच कानांकडचे रक्त कमी करते.

खरी काळजी घ्यायची ती नवजात पिल्लांची. ती उघडी, केसांविना जन्मतात आणि पहिला आठवडाभर त्यांना घरट्यात ३० अंशांहून अधिक ऊब लागते. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असल्याने जोड लावल्यापासून २७ व्या-२८ व्या दिवशी दीड फूट लांब आणि फूटभर रुंद व उंच अशी लाकडी पेटी, समोरची बाजू सात-आठ इंचांपर्यंत खाली कापून, मादीच्या पिंजऱ्यात ठेवावी आणि तिच्यात मऊ वाळलेले गवत भरावे. नारळाचा काथ्या वापरू नये, त्याचे लांब धागे पिल्लांच्या पायांभोवती आवळतात. मादी स्वतःच्या अंगाचे केस उपटून वरून पांघरूण घालते. ती दिवसातून एक-दोनदाच, काही मिनिटे पाजते. बाकी वेळ ती पेटीपासून दूर राहिली म्हणून तिने पिल्ले टाकली असे समजू नये. रोज सकाळी पेटीत हात घालून पिल्ले उबदार आणि पोटे भरलेली आहेत का ते पाहावे. एखादे बाहेर घरंगळून गार पडले असेल तर ते तळहातांत धरून पूर्ण उबदार होईपर्यंत थांबावे आणि मगच भावंडांच्या मधोमध ठेवावे, कारण गार पिल्लू नुसते परत ठेवल्याने उबदार होत नाही.